पाय पुरले तो दिवस

दसऱ्याच्या सकाळी विमलबाईंनी ओट्यावर उभं राहून हुकूम सोडला: एका गाडीला एक तांब्या पाणी, आणि तेही पुढच्या चाकापुरतं. बाकीची गाडी फडक्यानं पुसा नाहीतर धुळीत राहू द्या, देवालाही दुष्काळ ठाऊक आहे. टँकर आठ दिवसांनी यायचा, म्हणजे आला तर यायचा, आणि रांजणातलं पाणी त्या रोज काठी घालून बघत. बहात्तर आणि शहाऐंशी असे दोन दुष्काळ पचवलेली बाई. या अठरा सालच्या दुष्काळाची तिच्यापुढं काय मातब्बरी, आणि गाड्यांच्या मालकांची तर त्याहून नाही.

मालकांचे तोरे मात्र पाण्यावाचून वाळले नव्हते. खळ्यावर लिंबाच्या सावलीत गाड्यांची रांग लागली होती. थोरल्या गहिनीनाथदादांची लिलावातली जीप, जिला चालू करायला चार माणसं लागायची आणि थांबवायला एक धोंडा. केजहून आलेले जावई सुंदरराव यांची बुलेट. त्यांची बायको, म्हणजे या घरची लेक शिवकन्या, तिची स्कुटी. डिकीत अंगणवाडीची रजिस्टरं कोंबलेली. मग मधल्या मोहनरावांची पांढरी बोलेरो. आणि बोलेरोच्या शेजारी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून न निघालेली, गावच्या दूध सोसायटीची नवी पिकअप.

त्या पिकअपची किल्ली मोहनरावांच्या खिशात होती आणि सकाळपासून त्यांचा हात सारखा तिथंच जात होता. सोसायटीचे चेअरमन तेच. ड्रायव्हर नेमायचा होता. तीन जणांच्या चिठ्ठ्या आल्या, एक तर तालुक्याच्या पुढाऱ्याची, पण मोहनरावांनी तिघांनाही चहा पाजून वाटेला लावलं. किल्ली कुणाला द्यायची हे त्यांनी पिकअप घ्यायच्या आधीच ठरवलं होतं. खरं सांगायचं तर पिकअप घेतलीच त्यासाठी.

आसारामला द्यायची होती. आसाराम त्यांचा चुलतभाऊ, एका ताटात जेवलेला, एका गोधडीत झोपलेला, त्यांच्यापेक्षा वर्षानं मोठा. तेराव्या वर्षी तो या घरातून ऊस तोडायला गेला आणि परत राहायला म्हणून कधी आलाच नाही. आईच्या माहेरी, शिरूर कासारला, त्यानं खोपट टाकलं, लग्न केलं, कोयता धरला, बैलगाडी केली, आता जुना का होईना ट्रॅक्टर घेतला. पण दसरा झाला की बिऱ्हाड भरायचं आणि उसाच्या मुलखात जायचं, यात बत्तीस वर्षांत खाडा नाही. लग्नाकार्याला यायचा, पाहुण्यासारखा जेवायचा आणि जायचा. यंदा त्याची टोळी कर्नाटकात निघाली होती, वाट नांदूरघाटावरून, म्हणून विमलबाईंनी निरोप धाडला होता की जाताजाता ट्रॅक्टर आमच्या रांगेत लाव, मला एकदा सगळ्या गाड्या एका ओळीत बघायच्यात.

आज तो थांबला तर थांबला. कर्नाटकात गेला की सहा महिने गेला, आणि मोहनरावांना आता सहा महिने थांबवत नव्हतं. पंचेचाळिसावं लागलं होतं, घर होतं, पद होतं, बोलेरोत मागं चार कार्यकर्ते असायचे. तरी एवढ्या मोठ्या रस्त्यावर आपण एकटेच चाललोय असं त्यांना कुठंही, कधीही वाटायचं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली साखर तपासून घ्या.

सकाळी जीपला धक्का मारायच्या निमित्तानं गहिनीनाथदादांनी त्यांना बाजूला घेतलं होतं. किल्ली द्यायची तर दे, दादा म्हणाले, पण जुनं काही उकरू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आप्पा गेले, त्यांच्याबरोबर ते प्रकरणही गेलं.

प्रकरण असं होतं. शहाऐंशीच्या दुष्काळात सोसायटीचे चेअरमन आप्पा होते, विमलबाईंचे नवरे, दादा, मोहनराव आणि शिवकन्या या तिघांचे वडील. सोसायटी त्यांनीच उभी केलेली. वीस घरांचं दूध दोन किटल्यांत भरायचं, सायकलच्या दोन बाजूंना अडकवायचं आणि नांदूरघाटच्या केंद्रावर पोचवायचं. येताना त्याच किटल्या धुऊन तिथल्या बोअरचं प्यायचं पाणी भरून आणायचं, कारण गावची विहीर आटलेली. घरी आलं की पाणी रांजणात ओतायचं आणि किटल्या भिंतीवर पालथ्या घालायच्या. हे ओतणं-पालथं घालणं आसारामचं काम. बाप लहानपणीच गेलेला, आप्पांनीच त्याला वाढवलेलं. एक दिवस केंद्रावर एका किटलीतल्या दुधाला डिग्री लागली नाही. दुधात पाणी आहे का बघायची काचेची नळी असते, तिला आमच्याकडं डिग्रीच म्हणतात. चांगलं पाच लिटर पाणी निघालं, आदल्या संध्याकाळचं, ओतायचं राहिलेलं. वीस घरांचं दूध रस्त्याच्या कडेला ओतलं गेलं, दुष्काळात, आणि गावानं एका दिवसात ठरवलं की चेअरमनच्या घरात दुधात पाणी घालतात. आप्पांनी राजीनामा दिला. मग घरातल्या अपराध्याला शिक्षा केलेली गावाला दिसावी म्हणून आसारामला नारायणगडावर देवापुढं नेलं, पुन्हा दुधाच्या भांड्याला शिवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली, आणि त्याच आठवड्यात टोळीबरोबर लावून दिला.

पाणी आसारामच्या हातून राहिलं नव्हतं. हे मोहनरावांना ठाऊक होतं, कारण ते त्यांच्याच हातून राहिलं होतं. आणि दादांना ठाऊक होतं, कारण बारा वर्षांच्या मोहननं त्या दुपारी गोठ्यात रडत त्यांना सांगितलं होतं. दादा तेव्हा विशीतले. ते म्हणाले होते, गप बस, आप्पा निम्मे मेलेत, तुझं नाव ऐकलं तर पुरते मरतील. मोहन गप बसला. आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण या घरात मात्र बत्तीस वर्षं राहिलं.

दहाच्या सुमाराला ट्रॅक्टरचा आवाज आला. पाठीमागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर बाजा, पत्र्याच्या पेट्या, दोन शेळ्या, चुलीच्या विटासुद्धा, आणि या सगळ्याच्या वर आसारामची बायको चतुराबाई. आसाराम उतरला. केस पांढरे, हात कोयत्यानं घट्टे पडलेले, पण चालणं तेच, पुढं वाकून, जणू चढावर सायकल रेटतोय. मोहनराव पुढं झाले. मिठी मारावी असं वाटलं आणि त्यांनी नमस्कार केला. पदाची सवय, दुसरं काय.

विमलबाईंनी सहाव्या गाडीसाठी सहावा तांब्या काढला. तो जरा जास्त भरला होता, हे शिवकन्येनं बघितलं आणि हसून मान वळवली. झेंडू यंदा जळाला होता, म्हणून आपट्याच्या पानांच्याच माळा. चाकाखाली लिंबू, बॉनेटला कुंकू, बुलेटच्या टाकीला, स्कुटीच्या आरशाला, ट्रॅक्टरच्या नाकाडाला. आसाराम काकूच्या पायाशी बराच वेळ वाकून राहिला. चतुराबाई ट्रॉलीवरून उतरली नाही, शेळ्या सुटतील म्हणाली. खरं म्हणजे तिला या घरचा ओटा कधी चढवलाच नव्हता.

आणि मग पुरुष माणसं लिंबाखाली बसली आणि गाड्यांचं सुरू झालं. आता गाडीवाली माणसं एकत्र आली की काय होतं हे काय सांगायला पाहिजे? सुंदररावांनी बुलेटचा ठोका कसा असतो हे मांडीवर वाजवून दाखवलं. दादा म्हणाले, ठोका आमच्या जीपलाही आहे, फक्त तो कुठून येतो ते कळत नाही. बोलेरोच्या ॲव्हरेजवर वाद झाला, मोहनराव खोटं बोलताहेत असं सगळ्यांचं मत पडलं आणि ते खरंही होतं. आसाराम कमी बोलला. दोन ट्रॉल्यांत वीस टन ऊस घातला की ट्रॅक्टरचं पुढचं चाक कसं उचलतं, तेव्हा स्टेअरिंग नुसतं हातात राहतं आणि देवाचं नाव घ्यायचं, एवढं सांगितलं, आणि त्याच्यापुढं बाकीच्यांचे ठोके आणि ॲव्हरेज आपोआप गप झाले.

मग सुंदरराव म्हणाले, गाड्या जाऊ द्या हो, खरी गाडी सायकल. आणि काय जादू झाली कुणास ठाऊक, सगळ्यांचे चेहरे एकदम लहान झाले. कोण कुठं कैची मारायला शिकला, म्हणजे दांडीखालून पाय घालून अर्धं पायडल मारायला, कुणाची नडगी कुठं फुटली, तासावर सायकल देणारा दुकानदार घड्याळ कसं पुढं करून ठेवायचा. सुंदररावांनी खेळच लावला: पाय पुरून पहिल्यांदा सीटवर कोण कधी बसलं, ते प्रत्येकानं सांगायचं. स्वतः ते मामाच्या सायकलवर बसले आणि उतरायचं कसं हे माहीत नसल्यानं मारुतीच्या देवळाला सात फेऱ्या मारल्या. म्हातारी माणसं म्हणाली पोरगं भाविक आहे. दादा भाड्याच्या सायकलवर बसले ते थेट लोहाराच्या भात्यात. शिवकन्या चहा घेऊन आली होती, ती उभ्या उभ्याच म्हणाली, की ती शाळेमागं बसली, परकर चेनीत अडकला, तेव्हा परकर फाडला पण सायकल सोडली नाही, आणि आईनं त्यासाठी मारलं त्याचा वळ अजून आहे. विमलबाई ओट्यावरून म्हणाल्या, वळ दाखव बरं. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आसाराम म्हणाला, की त्याचे पाय शहाऐंशीच्या उन्हाळ्यातच पुरले होते. दूध न्यायचं म्हणून आप्पांनी सीट पार खाली केली होती. तो सीटवर आणि मोहन मागं क्यारेज धरून पळायचा. घाटाच्या चढाला मोहन ढकलायचा, उताराला उडी मारून किटल्यांच्या मधी बसायचा. आपल्याला पुष्कळ गाड्या हाताळायला मिळाल्या, तो म्हणाला, पण उताराला पाठीमागं दुसरं माणूस आहे असा भार पुन्हा कुठल्या गाडीत लागला नाही.

मोहनरावांनी चहाची कपबशी खाली ठेवली. आपल्याला एकट्यालाच वाटतंय असं जे इतकी वर्षं वाटत होतं, ते याला पण वाटत होतं तर. मग कशाचा विचार न करता त्यांनी खिशातली किल्ली काढली आणि आसारामच्या हातावर ठेवली.

ते भरभर बोलले. सोसायटीची गाडी आहे, केंद्रावर दूध घेऊन जायचं, सकाळ-संध्याकाळ दोन खेपा, पगार महिन्याचा, मागच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत, चतुरावहिनी येतील, ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन टोळी जाऊ दे. ऊस पुरे झाला. घरी ये.

आसारामनं किल्ली उलटीसुलटी करून बघितली. नवीकोरी होती. मग त्यानं ती सतरंजीवर, दोघांच्या मधोमध ठेवली.

"न्हाई जमायचं मोहन. दुधाची गाडी हाय ती."

शिवकन्या पुढं झाली. ती भांडलीच त्याच्याशी. आप्पा गेले, शपथ त्यांच्याबरोबर गेली, पोरवयातल्या चुकीची असली कसली जन्मठेप, आणि घरात कुणाच्या मनात आता काही आहे का, विचार थोरल्या दादाला. थोरल्या दादांना विचारलेलं आवडलं नाही. ते म्हणाले, बाई, त्याचं त्याला ठरवू दे, शपथेच्या गोष्टीत बळजबरी नको. हे ऐकून शिवकन्येनं भावाकडं असं बघितलं, की ही काय नवीन भानगड. सकाळपर्यंत तर दादा आसारामच्या नावानं हळहळत होते.

"शपथेचं न्हाई वं शिवकन्या," आसाराम म्हणाला. "शपथ देव माफ करील. मला मपल्याच हाताचा भरवसा न्हाई. त्या सांजंला म्हैस सुटली म्हून आप्पांनी हाक मारली. त्या गडबडीत एक किटली वतायची राहिली. आता गंमत बघ. मला दोनी वतल्याचं आठवतंय. रांजणात पाणी पडल्याचा आवाज दोन डाव आठवतोय. पण पाणी तर निघालं ना किटलीत? म्हंजी आपल्याला जे आठवतंय ते खरं न्हाई. तवापासनं मी एक काम तीन डाव बघतो. चतुरा हसती. इळा ठिवला का, चूल इझली का. अन् सकाळी दूध भरताना किटली लवकर भरली, तर मी हरखून गेलतो. म्हणलं दुष्काळात बी जनावरं पान्हावली. इतकं येडं माणूस दुधावर बसवू नगस."

विमलबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मोहनरावांना वाटत होतं की इतकी वर्षं आपण या माणसाचं घर घेतलं, गाव घेतलं. त्याची आठवणसुद्धा घेतली हे त्यांना आज कळलं. त्यांनी मान वर केली तेव्हा दादा त्यांच्याकडंच बघत होते, आणि डोळ्यांनी नको म्हणत होते.

सुंदरराव बिचारे जावई माणूस. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. वातावरण हलकं करायचं म्हणून ते म्हणाले, अहो, खेळ अर्धाच राहिला, मोहनरावांचं कुठं झालं? तुम्ही पहिल्यांदा सीटवर कधी बसलात?

दादांनी घाईनं उत्तर दिलं, शिरूरला, भाड्याच्या सायकलवर, मला ठाऊक आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हीच गोष्ट मोहनराव आजवर सांगत आले होते. बायकोला, मुलांना, एकदा शाळेच्या बक्षीस समारंभात भाषणातसुद्धा.

"शिरूरला न्हाई," मोहनराव म्हणाले.

"मोहन," दादा म्हणाले.

"न्हाई दादा. सांगू द्या." चेअरमनची भाषा गळून पडली होती आणि त्यांना ते कळलंही नाही. "म्हैस सुटली त्या सांजंला मी बसलो. आसाराम म्हशीमागं गेलता. सायकल भिंतीला व्हती. सीट खाली केलेली. मी टांग टाकली तर पाय पुरले. आसाराम, माझे पाय पुरले. पण रिकामी सायकल लई हालायची. मला भरल्या किटल्यांचीच सवय, मागं धरून पळायची. म्हून मी रांजणातलं पाणी परत काढलं. निम्मं ह्या किटलीत, निम्मं त्या किटलीत, भार बसाया पुरतं. अन् गेलो. पार वढ्यापस्तोर गेलो. अंधार पडस्तोर फिरलो. असं कदी वाटलं न्हाई मला, ना त्याच्या आदी, ना मागून. बोलेरोत बी न्हाई. वापस आलो, एक किटली रांजणात वतली, अन् तेवढ्यात आई चिमणी घिऊन दारात आली. पाणी घेतलेलं कळलं असतं तर चामडी सोलली असती तिनं. मी पळालो. दुसरी तशीच राहिली."

एवढं बोलायला बत्तीस वर्षं लागली होती आणि सांगून व्हायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मोहनरावांना वाटलं होतं छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला वगैरे काही नाही. शिवकन्येनं हातातला ट्रे खाली ठेवला आणि ती आसारामच्या अंगाला जाऊन बसली, दोन्ही भावांकडं पाठ करून. विमलबाई ओट्यावर तशाच बसून होत्या, हात मांडीवर, जणू कुणाचं तरी सुतक सांगायला कुणी आलंय.

आसारामच्या चेहऱ्यावर आधी राग आला नाही. आधी आलं ते नवल.

"म्हंजी म्या दोनी वतल्या व्हत्या," तो हळू म्हणाला. "दोन आवाज खरे व्हते."

"खरे व्हते."

तो हसला, एकदाच, पोरासारखा. मग हसू गेलं. त्यानं विचारलं, भांडायला विचारतात तसं नाही, खरंच माहीत नसल्यासारखं.

"मग मी कशापायी गेलतो?"

दादा पुढं सरकले. त्यांच्याकडं उत्तर होतं, इतकी वर्षं तयार ठेवलेलं. आप्पांची अब्रू, गावाची तोंडं, चेअरमनच्या सख्ख्या पोरानं केलं म्हणलं असतं तर सोसायटी बुडाली असती, वीस घरं बुडाली असती. मोहनला आपणच गप केलं, दोष द्यायचा तर आपल्याला दे. हे शेवटचं ते मनापासून म्हणाले; एवढं मोठं ओझं दादांनी भावासाठी कधी उचललं नव्हतं.

"दादा, तुमाला न्हाई इचारलं," आसाराम म्हणाला. "तुमी मोठे. तुमी घराचं बघितलं. मोहनला इचारतोय. तू गाडीपस्तोर आलतास मला लावून द्यायला. टोळीची गाडी हालस्तोर उभा व्हतास. तवा बी बोलता आलं असतं की रं."

मोहनरावांना ती सकाळ आठवली. भेव वाटलं, असं ते सांगू शकले असते. ते खरंही होतं आणि ऐकणाऱ्याला पटलंही असतं. बारा वर्षांचं पोर, आप्पांचा धाक, माफ करून टाकलं असतं सगळ्यांनी. पण दोन आवाज आठवणाऱ्या माणसाशी अर्धं खरं बोलायचं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवायचं.

"भेव वाटलं, पण ते दोन दिवसांत गेलं," ते म्हणाले. "गाडीपाशी आलो तवा भेव नव्हतं. तवा माझ्या मनात आलं, आसाराम गेला की सायकल आता मपली. एकट्याची. त्यात गप बसलो मी."

विमलबाईंच्या तोंडून काहीतरी शब्द निघाला, तो कुणाला नीट ऐकू आला नाही. सुंदरराव उठून बुलेटपाशी जाऊन उभे राहिले.

"किती वर्सं चालवलीस?" आसारामनं विचारलं.

"दहावीपस्तोर. चार वर्सं."

आसारामनं मान हलवली. चार वर्षं हा आकडा तो मनात कुठंतरी ठेवून बघत होता, बसतोय का, आणि तो कुठंच बसत नव्हता. मग तो उठला. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. शिवकन्येनं त्याचा हात धरला तो त्यानं हळूच सोडवला.

"चूक मपली व्हती तवर सोपं व्हतं, मोहन," तो म्हणाला. "चुकलं म्हून घरानं टाकलं. आप्पांचा मला कदी राग आला न्हाई. फडात पाचट पेटलं, बैल मेला, पहिलं लेकरू पाल्याच्या कोपीत गेलं, तरी म्हणायचो, चुकलावतास ना, मग भोग. सगळ्याचा मेळ बसायचा. आता मी मेळ कसा लावू?"

पाया पडावं असं मोहनरावांना वाटलं. पडले असते तर आसारामनं उठवलं असतं, आणि ते उठवून घेणंसुद्धा त्याच्याकडूनच घ्यायचं झालं असतं. ते नुसतेच उठून उभे राहिले. खळ्याच्या कडेपर्यंत गेलेला आसाराम परत आला, विमलबाईंच्या पाया पडला, काकू जेवून जा म्हणाल्या तेव्हा टोळी खोळंबलीय म्हणाला. किल्लीकडं त्यानं बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं असंही नाही. त्याला ती तिथं आहे हे आता आठवतच नव्हतं.

ट्रॅक्टर चालू झाला. मोहनराव ट्रॉलीपर्यंत मागोमाग गेले होते, कशासाठी ते त्यांनाही कळत नव्हतं. वरून चतुराबाई खाली वाकून नवऱ्याचा चेहरा बघत होती. तिच्या हातात शेळीची दोरी होती.

"काय झालं वं?" तिनं विचारलं.

"काय न्हाई," आसाराम म्हणाला. "मी चुकलोच नव्हतो, म्हणतेत."

चतुराबाईला ते समजायला थोडा वेळ लागला. तिनं आपल्या बाजांकडं बघितलं, पेट्यांकडं, चुलीच्या विटांकडं, मग खाली उभ्या असलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाकडं.

"मग आता कुठं जायचं?" ती म्हणाली.

आसाराम स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. नांदूरघाटाच्या रस्त्यावर टोळीतले बाकीचे ट्रॅक्टर उभे होते, ते हॉर्न वाजवत होते, आणि त्याला अजून गियर टाकता येत नव्हता.